दादाच्या फोर्कमधली हवा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकली मालकांनी लाडानेच मारलेल्या असतात. डोंगरातून चिखलात लोळवून आणायची, पाण्याचा जोरदार फवारा थेट फोर्कच्या गळ्यावर धरायचा, वर चकाकी यावी म्हणून कुठलंतरी तेल फुस्सकन मारायचं आणि मग माझ्या टेबलापुढे उभं राहून विचारायचं, "मॅडम, हा आवाज कसला हो येतोय?" तुमच्या कर्तृत्वाचा, असं मी तोंडावर सांगते. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण फोर्क उघडून तो पुन्हा नीट बंद करणारं आमच्या भागात दुसरं कोणी नाही.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणारा भाग, तसं साधं प्रकरण आहे. वर दोन चकचकीत नळ्या, खाली दोन जाड पाय. खड्डा आला की नळ्या पायांत शिरतात, खड्डा गेला की बाहेर येतात. एका नळीत हवा भरलेली असते, ती स्वाराचं वजन पेलते; स्वार जितका जड, तितकी हवा जास्त. पायांच्या तळाशी थोडंसं तेल असतं आणि पायांच्या तोंडाशी, रबरी सीलच्या खाली, स्पंजची एकेक कडी. ती तेल पिऊन बसते आणि येताजाता नळीला ओलं ठेवते. साखळी कुरकुरते म्हणून लोक तिला तेल पाजतात. फोर्क बराच काळ कुरकुरत नाही. कडी वाळली, तेल काळं पडलं, तरी तो गपचूप झिजत राहतो आणि आपल्या लक्षात येईपर्यंत नळीवर ओरखडा उमटलेला असतो.

दादाच्या फोर्कवर असा ओरखडा कधी सापडला नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. हे वर्कशॉप आधी आम्हा दोघांचं होतं. हातात पाना धरायला त्यानेच मला शिकवलं, आणि हुज्जत घालायलाही. तो अंगाने आडवातिडवा, मी किरकोळ. तो मला काडी म्हणायचा, मी त्याला पिंप म्हणायची. दिवसभर भांडायचो, एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचो आणि पुन्हा भांडायचो.

मग एक दिवस मी बंद केलेला फोर्क त्याने गिऱ्हाइकासमोर पुन्हा उघडला. "थांबा हं, हिचं काम मी एकदा तपासून घेतो," असं हसत म्हणाला. आत सगळं जागच्या जागी होतं. त्याने फोर्क तसाच बंद केला, सायकल देऊन टाकली आणि शिट्टी वाजवत हात धुवायला गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "माझं काम तपासायचं असेल तर या खोलीत एकतर तू राहा, नाहीतर मी." मला वाटलं, हसेल, केस ओढेल, चहा सांगेल. त्याने हात पुसले, आपले पाने गोळा केले आणि गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात त्याने यंत्रांच्या देखभालीची नोकरी धरली.

तेव्हापासून आमचा अबोला. आमच्या घरात राग सगळ्यांच्या नाकावर असतो, माफी मात्र कोणाच्या जिभेवर येत नाही. आई आणि मावशी एका छत्रीवरून जन्मभर बोलल्या नाहीत, आणि ती छत्रीही फाटकी होती.

पण दर हंगामाच्या शेवटी वहिनी दादाची सायकल गाडीत घालून माझ्याकडे आणायची. निरोप एकच असायचा, "नेहमीसारखं." जो माणूस डोळे मिटून फोर्क उघडू शकतो, तो स्वतःचा फोर्क माझ्याकडे का पाठवतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळलं म्हणून लगेच विरघळायला मी काय साखर आहे? त्याने चारचौघांत म्हटलं होतं, तर आता निदान एकट्यात येऊन म्हणावं की काडी, तुझं काम तपासायची मला गरज नव्हती. एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी म्हातारी होईपर्यंत थांबायला तयार होते.

या वेळी वहिनी आली तेव्हा समोरच्या ड्रायव्हिंग क्लासची गाडी नेमकी आमच्या दारात बंद पडली होती आणि शिकणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. मी ते बघून हसत होते. वहिनी हसली नाही. तिने सायकल उतरवून भिंतीला लावली.

"काय गं, पिंपाने छळलं वाटतं?" मी विचारलं.

"नेहमीसारखं कर म्हणालाय," ती म्हणाली, आणि जायचं सोडून दारातच उभी राहिली. "तुला काही विचारायचं नाही ना?"

"काय विचारायचं? दर वेळी करते तेच करायचं ना?"

"हो. तेच."

ती गेली. मी सायकल स्टँडवर चढवली आणि सवयीने आधी फडका घेऊन नळ्या पुसल्या. नळीवर रबराची एक बारीक रिंग असते. स्वार बसला, सायकल आदळली, की फोर्क जितका दबतो तितकी ती वर ढकलली जाते आणि तिथेच थांबते. शेवटच्या फेरीत काय घडलं ते ती सांगते. माझ्या फडक्याने ती खाली सरकली. आधी कुठे होती ते मी बघितलंच नाही. दादाची सायकल, दादाचं वजन. बघायचं काय त्यात?

मग हवा मोजायला पंप लावला. दादाची हवा मला पाठ होती. काटा नव्वदच्या जरा पुढे जाऊन थांबायला हवा. तो साठच्याही अलीकडे थांबला.

गळती असणार, दुसरं काय. मी व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. फोर्क काढला, तळाचे बोल्ट सैल करून हातोडीने हलकेच ठोकले, पाय खाली ओढून घेतले. तेल मधासारखं स्वच्छ ओघळलं. स्पंजच्या कड्या ओल्या, नळ्यांवर एक रेघ नाही. हवेच्या बाजूचं सीलही उघडून बघितलं, तेही धडधाकट. म्हणजे हवा गेली नव्हती, कोणीतरी सोडली होती. त्या फोर्कला माझ्याशिवाय एकच माणूस हात लावत होता.

परीक्षा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांनीसुद्धा साहेबांना माझं काम तपासायचंच आहे. मुद्दाम हवा सोडून पाठवायची आणि काडीच्या लक्षात येतं का बघायचं. आणि वहिनी दारात घुटमळत विचारते, तुला काही विचारायचं नाही ना! दोघे मिळून माझी मजा बघतायत. माझं पित्त असं खवळलं की मी रेडिओसुद्धा बंद केला.

मग मी जे काम केलं, तसं मी जन्मात केलं नसेल. जुनी सील चांगली होती तरी काढून नवी बसवली. स्पंजच्या कड्या तेलात बुडवून ठेवल्या, बोटांनी दाबून बघितल्या, पुन्हा बुडवल्या. नळ्या उजेडाला धरून फिरवल्या. सीलच्या ओठांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला, पाय चढवले, दोन्ही पायांत मोजून तेल सोडलं, बोल्ट आवळले. शेवटी हवा भरली, नव्वदच्या पुढे, बरोबर दादाच्या मापाची. सायकल रात्रभर उलटी उभी केली, म्हणजे कड्यांना तेल पोचेल. सकाळी सुलटी करून मी तिच्यावर खाली जोर दिला. फोर्क आवाज न करता दबला आणि वर आला. घे तपासून, म्हटलं.

वहिनी न्यायला आली तेव्हा मी मान ताठ करून निरोप दिला, "त्याला सांग, काडीच्या नजरेतून काही सुटत नाही."

वहिनीने सायकल गाडीकडे वळवली. "सांगते," म्हणाली.

आठवडा झाला नसेल, ती सायकल घेऊन पुन्हा दारात.

"तो म्हणतोय, पुन्हा उघड."

हे दोन शब्द मला म्हणणारा माणूस जिवंत परत जात नाही. वहिनी होती म्हणून वाचली. मी सायकल ओढून घेतली. या वेळी मात्र आधी रिंग बघितली. ती तळापासून जेमतेम बोटभर वर होती.

"चालवली का त्याने? का नुसतीच अंगणात फिरवली?"

"घरामागच्या उतारावरून नेली. सगळी दगडांची वाट आहे. आल्यावर म्हणाला, हाताला दगडासारखं लागतंय. हात दुखत होते त्याचे."

दादासारखा देह दगडांवरून खाली येतो आणि फोर्क बोटभरच दबतो, हे शक्य नाही. काहीतरी अडकलंय, तेल जास्त झालंय, माझ्याकडून चूक झालीय. मी वहिनीसमोरच फोर्क उघडला. तेल मोजलं, बरोबर. नळ्या हाताने सरकवल्या, लोण्यासारख्या सरकल्या. चूक कुठेच नव्हती. सगळं बंद केलं, नव्वदची हवा भरली, चाक लावलं, आणि काही सुचेना म्हणून स्वतःच सायकलवर बसले. गल्लीच्या टोकाला गेले, गतिरोधकावरून, फुटपाथवरून, दिसेल तिथून सायकल आदळत परत आले.

रिंग तळापासून बोटभर वर होती.

दादाच्या फेरीनंतर होती, नेमकी तिथेच. मग मी पंप लावला आणि हवा सोडत गेले, पहिल्या दिवशी सापडली होती तेवढीच उरेपर्यंत. रिंग तळाशी सरकवली. एक हात टेबलावर टेकून सायकलवर अलगद बसले आणि अलगद उतरले. नुसतं बसल्यावर फोर्क जितका दबायला हवा, रिंग नेमकी तिथे येऊन थांबली होती. ना जरा खाली, ना जरा वर.

ती हवा माझ्या वजनाची होती. दादा माझ्याएवढा झाला होता.

"वहिनी," मी विचारलं, "दादाला काय झालंय?"

ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. रडली नाही; तिचं रडून झालेलं दिसत होतं. "पोटातलं आहे. हंगाम सुरू झाला तेव्हा कळलं. औषधं झाली, सगळं झालं. आता डॉक्टर म्हणतात, घरी राहू दे, त्याला आवडेल ते करू दे."

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"शपथ घातली होती त्याने. आपणहून सांगायचं नाही. तिने विचारलं तरच सांग, म्हणाला." तिने पदराशी चाळा करावा तसा हातातल्या किल्ल्यांशी चाळा केला. "म्हणाला, फोर्क उघडल्यावर विचारेलच ती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

माझाच निरोप, माझ्याच तोंडावर. आणि तो निरोप तर मी नंतर पाठवला होता. त्याआधीच तो हे म्हणून बसला होता. मी उघडला, बघितलं, आणि विचारायचं सोडून हवा भरली. त्याच्या हाडांच्या हातांत दगड दिला आणि वर मान ताठ केली. मला भडभडून आलं. हात ग्रीसने बरबटलेले, डोळे पुसायलाही येईनात.

"चल," मी म्हटलं. "पंप घेते. हे इथे बसून होणार नाही, त्याला सायकलवर बसवावं लागेल."

त्यांचं घर तळमजल्यावर आहे. पुढे दोन खोल्या, मागे दाराला लागून फरशीची अरुंद वाट आणि तिच्या टोकाला फाटक. दादा मागच्या पायरीवर बसला होता. अंगात त्याचंच जुनं जाड जाकीट होतं. आत माणूस आहे का नुसतं जाकीट वाळत घातलंय, असा प्रश्न पडावा. डोळे तेवढे तसेच होते.

"आलीस, काडी?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांचं साचलेलं मी मनात पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "तुझ्या फोर्कला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी दोनदा उघडला."

"माहीत आहे."

"मग पुन्हा उघड म्हणून पाठवलास कशाला? व्हॉल्व्हमध्ये पिन दाबली असतीस तरी हवा सुटली असती. शेंबडं पोरसुद्धा करेल."

"तेवढ्याने तू आली असतीस का?"

मी वाकून उगाचच सायकलचं चाक तपासायला लागले. वहिनी आत निघून गेली.

हवा लावताना स्वाराने सगळं अंगावर घालून बसायचं असतं, बूट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी, सगळं. हा नियम दादाचाच. तो त्याने पाळला. बुटाच्या नाड्या मी बांधल्या. हेल्मेट डोक्यावर गरगर फिरत होतं, त्याचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तरी. मग मी पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरलं, त्याने एक हात भिंतीला टेकला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि चढला. लहानपणी तो खांद्यावर हात ठेवायचा तेव्हा मी खाली बसायची. आता हात ठेवलाय की नाही ते मला वळून बघावं लागलं.

माझ्या वजनाची हवा होती, तरी रिंग मापाच्या खालीच राहिली. मी थोडी हवा सोडली. तो पुन्हा बसला. आणखी सोडली. पुन्हा बसला. दर वेळी त्याला धाप लागत होती, दर वेळी मी म्हणत होते, "पुरे ना आता," आणि तो म्हणत होता, "अर्धवट काम चालणार नाही."

शेवटी रिंग जागेवर आली. काट्याकडे मी बघितलं आणि पंप पटकन काढून घेतला, म्हणजे त्याला दिसायला नको.

"बसली?" त्याने वरूनच विचारलं.

"बसली. बघ वाकून."

"तू म्हणालीस ना बसली? मग बसली." मग तो म्हणाला, "तुझं काम मी नाही तपासत, काडी. तेव्हासुद्धा गरज नव्हती. उगाच शहाणपणा केला."

एवढ्यासाठीच मी थांबले होते. अगदी याच शब्दांसाठी. ते मिळाले आणि मला इतकं वाईट वाटलं की ते परत घे म्हणावंसं वाटलं. त्याने ते कधीच म्हटलं नसतं, आम्ही दोघं आई-मावशीसारखे चिडकेपणात म्हातारे झालो असतो, तर किती बरं झालं असतं.

"मला डोंगरावरची वाट एकदा उतरायची होती," दादा म्हणाला. "म्हटलं, काडीने हवा नीट करून दिली तर जमेल."

तो फरशीवरून सायकल चालवत फाटकापर्यंत गेला. मी मागे धावले नाही, धावले असते तर चिडला असता. फाटकाशी तो थांबला. बराच वेळ बाहेर रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग खाली उतरला आणि सायकल ढकलत परत आला. एवढ्याशा अंतरात दोनदा थांबला.

"नाही गं," म्हणाला. "फोर्क छान आहे. हँडल धरवत नाही."

मी सायकल त्याच्या हातातून घेतली.

त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि पायरीवर टेकला. श्वास जागेवर आल्यावर पुढचं चाक ओढून स्वतःच्या गुडघ्यांत धरलं, दोन्ही हातांनी हँडल खालून पकडलं. रिंग आता बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर होती.

"बस," म्हणाला.

"मी कशाला?"

"ती वाट तूच उतर आता. माझ्या हवेवर गेलीस तर तोंडावर आपटशील. बस, तुझी हवा लावू."

"तुझी राहू दे रे त्यात. बरं वाटलं की..."

"काडी," तो म्हणाला, "भर."

मी पंप लावला आणि भरायला लागले. माझ्यासाठी हवा सोडायची असते, भरायची नसते. या सायकलवर दादाच्या नंतर मी बसायचं तर हवा नेहमी सोडावी लागायची, सूं करून, आणि तो म्हणायचा, गेली बघ सगळी, काडीपैलवान आले. आज काटा दर दाबाला वर जात होता.

"आता पिंप तू," दादा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. हसताना त्याला कळ आली, ती त्याने गिळली.

मी बसले. उतरले. त्याने रिंग बघितली. "अजून थोडी." मी भरली. पुन्हा बसले.

"काम तपासत नाही म्हणालास ना?"

"काम कोण तपासतंय? वजन तपासतोय. जेवतेस की नाही वेळेवर? अजून थोडी."

मी भरली, आणि पुन्हा बसले. त्याने मान खाली घालून नळीकडे निरखून बघितलं, अंगठ्याने रिंगेखालचं तेल पुसलं. गुडघ्यांत चाक घट्ट होतं, सायकल जरासुद्धा हलत नव्हती.

"बसली," तो म्हणाला. "झालं. उतर."

मी उतरले नाही. मी उतरले असते तर त्याने हँडल सोडलं असतं.

"उतर ना."

"नीट बघ अजून एकदा," मी म्हटलं. "पुन्हा तपास."